कुऱ्हाड कुठे थांबवायची?

आपल्या नागापूरच्या एमआयडीसीत आवाजांची काही कमी नाही. प्रेसचा दणका, ग्राइंडरची किरकिर आणि मनमाड रोडवरचे ट्रकचे हॉर्न आपल्या झोपेतही वाजत असतात. पण एप्रिल-मे महिन्यात त्यात एका आवाजाची भर पडते. सकाळी सहा-साडेसहाला कुठेतरी जवळच 'घर्रर्र' सुरू होतं, मध्येच थांबतं, कोणीतरी "आली रे आलीऽऽ" असं ओरडतं आणि पाठोपाठ धप्पकन काहीतरी पडतं. पावसाळा तोंडावर आला की झाडं छाटायला येणाऱ्या माणसांचा हा आवाज.

मागच्या उन्हाळ्यात सबमिशनमुळे मी हॉस्टेलवर अडकले होते, तेव्हा या लोकांचं काम चार दिवस जवळून बघायला मिळालं. आधी खिडकीतून बघत होते. मग न राहवून खाली गेले. "ताई, लांब व्हा" इथून सुरुवात झाली आणि चौथ्या दिवशी टोळीतले सगळ्यात मोठे मामा मला दोराची गाठ शिकवत होते! मी पडले कॉन्व्हेंटमधली. पाचर, वेढा, फुटवा हे शब्द मला पुस्तकात नाही, झाडाखाली मिळाले. त्यानंतर लायब्ररीत बसून जे वाचलं त्याची आणि मामांच्या बोलण्याची सांगड घालून हा लेख लिहिते आहे.

परदेशात या कामाला 'ट्री सर्जन' म्हणतात. म्हणजे झाडांचे सर्जन! ऐकायला गंमत वाटते, पण पदवी उगीच नाही. जॉन डेव्ही नावाच्या एका माळ्याने १९०१ साली अमेरिकेत 'द ट्री डॉक्टर' नावाचं पुस्तक लिहिलं आणि झाडाची काळजी घेणं हाही एक स्वतंत्र धंदा होऊ शकतो हे दाखवलं. आजच्या 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' या संस्थेची सुरुवात १९२४ ची. तिथे परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं. आपल्याकडे हेच काम करणाऱ्याला आपण 'लाकूडतोड्या' म्हणतो आणि विषय संपवतो.

चढण्याआधीचं काम

माझी कल्पना होती की माणूस येतो, झाडावर चढतो आणि कापायला लागतो. प्रत्यक्षात पहिली वीस मिनिटं मामांनी झाडाला हातही लावला नाही. ते नुसतं झाडाभोवती फिरत होते. कसली पाहणी चालू आहे विचारलं, तेव्हा त्यांनी यादीच सांगितली.

पहिलं, आग्या मोहोळ आहे का. या मधमाश्या उठल्या तर उंचावरच्या माणसाला पळायला जागा नसते. दुसरं, वाळलेली फांदी कुठे आहे. ओली फांदी वाकते, कुरकुरते, सूचना देते. वाळलेली फांदी न सांगता मोडते. तिसरं, विजेची तार. चौथं, खोडाला भोक, भेग किंवा बुंध्याशी आळंबी. आळंबी दिसली म्हणजे आत लाकूड कुजतंय. मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकून बघायचं. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ खोडाचा वेगळा. परदेशात यासाठी रेझिस्टोग्राफ नावाचं यंत्र असतं. बारीक लांब ड्रिल खोडात घालायचं आणि त्याला किती विरोध होतो याचा आलेख काढायचा. मामांचा रेझिस्टोग्राफ म्हणजे त्यांचा कान.

झाडाची जातही बघावी लागते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्याच्या फांदीवर भार टाकताना दहा वेळा विचार करायचा. निलगिरी उंच आणि सरळसोट, तिथे पाय ठेवायला जागा नाही. कडुनिंब चिवट. आणि पिंपळ? "पिंपळाला आम्ही आधी नारळ फोडतो," मामा म्हणाले. मुंजाची भीती किती आणि झाडाची माफी किती, हे मी विचारलं नाही.

दोराचं गणित

आता आपल्या विषयाकडे येऊ. साधारण ६० सेंटीमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याचं घनफळ ०.२८ घनमीटर भरतं. ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या आसपास धरली तर वजन झालं जवळजवळ २८० किलो. म्हणजे चार माणसांचं वजन, आणि ते खिडकीच्या काचा, कंपाउंड वॉल आणि रेक्टर मॅडमची स्कूटी यांच्या वर लटकलेलं.

हे वजन खालचा एक माणूस दोराने कसं उतरवतो? तो दोर हातात धरून ठेवत नाही. तो दोर खाली बुंध्याला दोन-तीन वेढे देतो आणि शेपूट हातात घेतो. मेकॅनिक्समध्ये आपण 'बेल्ट फ्रिक्शन' शिकलो, तेच हे. दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे 'ई'चा 'म्यू-थीटा' घात. साल आणि दोर यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर दोन वेढ्यांना हे गुणोत्तर ४३ येतं. म्हणजे २८० किलोचा ओंडका साडेसहा किलोच्या ओढीने तोलून धरता येतो. तीन वेढे दिले तर एक किलो पुरतो! मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा दोर धरणारा मुलगा हसला. "दोन वेढ्यात सोडता येतो, तिनात अडकतो," एवढंच तो म्हणाला. युनिट टेस्टमध्ये मला जे सहा मार्कांना आलं होतं, ते त्याच्या तळहाताला माहीत होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोर 'पळू देणं'. ओंडका एक मीटर मोकळा पडला आणि पुढच्या २० सेंटीमीटरमध्ये गचकन थांबला, तर ऊर्जेच्या हिशेबाने दोरावर सरासरी सहापट ताण येतो. म्हणजे २८० किलोचे जवळजवळ १७०० किलो. आणि त्या क्षणाचा कमाल ताण याहूनही जास्त. तोच ओंडका दोर हळूहळू सोडत आणखी एक मीटरमध्ये थांबवला तर ताण सरासरी दुप्पटच राहतो. गचका दिला तर दोर तुटतो, किंवा ज्या खोडाला वरचा माणूस बांधलेला आहे ते खोडच हलतं. म्हणून वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो. या टोळ्यांत वर चढणारा आणि दोर धरणारा हे बहुतेक वेळा भाऊ, बापलेक किंवा मेहुणे असतात. त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

एक फांदी, तीन काप

फांदी वरून सरळ कापत आणली तर काय होतं? अर्ध्यावर आली की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून नीट काम करणारा तीन काप घेतो. पहिला, खोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने, साधारण पाव जाडीपर्यंत. दुसरा, त्याच्या जरा पुढे वरून. फांदी पडते, पण साल पहिल्या कापाशी येऊन थांबते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा.

हा तिसरा काप कुठे घ्यायचा, यात सगळी विद्या आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. हात फिरवला तर कळतं. काप त्या कड्याच्या बाहेर घ्यायचा. कडं कापायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. याचं कारण अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी शोधलं. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी-आडवी चिरून आतली कूज कुठपर्यंत जाते ते पाहिलं, आणि १९७७ साली ते मांडलं. माणसाची जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाची जखम भरतच नाही! झाड जखमेभोवती भिंती उभारतं, कूज आतल्या आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या मुळाशी असलेलं ते कडं म्हणजे या भिंतीची तयार जागा. ते कापलं की किल्ल्याचा दरवाजाच उघडा पडला. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासून ही भिंत तयार होत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. आमच्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना विचारा. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, किती डोळे राखायचे, कात्री कुठे लावायची, यावर घरात रात्र-रात्र चर्चा होते. डाळिंबाला, राहात्याच्या पेरूला, श्रीगोंद्याच्या लिंबाला हात लावणारा माणूस पारखून आणतात. कारण तिथे चुकलं तर पुढच्या सीझनला पैसे जातात. रस्त्यावरच्या झाडाचं मात्र कोणाचंच काही जात नाही. निदान लगेच तरी.

छाटणी आणि मुंडकं उडवणं

मोठं झाड धोक्याचं वाटलं की आपण म्हणतो, "वरून अर्धं करून टाका." सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

फांदी म्हणजे कॅन्टिलिव्हर. एकसारख्या भाराच्या कॅन्टिलिव्हरचा मुळाशी येणारा मोमेंट लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ९ मीटरची फांदी टोकाकडून ६ मीटर केली, म्हणजे लांबी एक-तृतीयांशाने कमी केली, तर मोमेंट ८१ वरून ३६ वर येतो. निम्म्याहून जास्त धोका गेला! खरी फांदी टोकाला बारीक होत जाते हे मान्य, पण पानं, पावसाचं पाणी आणि वाऱ्याचा जोर हे सगळं टोकाकडेच असतं. म्हणजे झाड हलकं करायचं तर टोकाकडून, एखाद्या जोमदार उपफांदीपर्यंत मागे येत, थोडं थोडं कापायचं. एका वेळी पाव हिस्स्याहून जास्त पाला काढायचा नाही, कारण पाला हेच झाडाचं मेस. मेस बंद झाल्यावर आपलं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

याउलट जाड फांद्या मध्येच खुंटासारख्या उडवल्या तर झाड घाबरून शेकडो फुटवे फेकतं. दोन-तीन वर्षांत ते पुन्हा उंच होतात आणि आपल्याला वाटतं झाड सावरलं. पण हे फुटवे लाकडाच्या आतून आलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि त्यांच्याखालचा खुंट कुजत असतो. पाच-सात वर्षांनी वादळात तेच पडतात. भीतीपोटी केलेली छाटणी असा धोका तयार करते!

उलट, पोकळ झाड म्हटलं की ते पाडायलाच हवं असंही नाही. हॉलो शाफ्ट आठवा. खोडाच्या व्यासाच्या निम्मी पोकळी असली तरी वाकण्याविरुद्धची ताकद सहा टक्क्यांच्या आसपासच कमी होते. पोकळी व्यासाच्या ७० टक्के झाली की ताकद २४ टक्क्यांनी घटते, आणि साधारण इथून पुढे काळजी करावी असा जर्मन संशोधक क्लाउस मात्थेक यांचा ठोकताळा आहे. अर्थात, पोकळीला बाहेरून भेग पडली असेल तर हा हिशेब लागू होत नाही.

वडाचीही अशीच गोष्ट. पारंब्या डोक्याला लागतात म्हणून सर्रास छाटतात. पण जमिनीत टेकलेली पारंबी म्हणजे फांदीखालचा खांब. खांब काढायचा आणि वर स्लॅब लटकत ठेवायचा, असं आपण सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये केलं तर सर शीट फाडून टाकतील.

मग चुकतं कुठे?

मी मामांना विचारलं की एवढं सगळं कळतं, तर रस्त्याकडेची झाडं अशी भोंडी का दिसतात? त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. "ताई, आमाला मजुरी कोण देतंय? लाकूड आमचं, असा ठराव असतो."

बऱ्याच कामांत व्यवहार असाच होतो. मालक एकतर थोडे पैसे देतो किंवा देतच नाही. पडलेलं लाकूड टोळीने न्यायचं, वखारीत विकायचं, तीच मजुरी. वखारीतून ते चुलीला, भट्टीला, स्मशानात जातं. आता विचार करा. शास्त्राप्रमाणे टोकाकडच्या बारीक फांद्या काढल्या तर हाती येतो पाला आणि काटक्या. त्याला वखारवाला विचारत नाही. जाड खोड कापलं तर वजन भरतं. म्हणजे झाड जितकं वाचवाल तितकी मजुरी कमी! ज्या माणसाला कुठे थांबायचं हे कळतं, त्याला थांबणं परवडत नाही अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात. पण दांडा स्वतःहून कुठे जातो? तो धरणारा हात आपला असतो.

आणि याच हिशेबात माणसाचा जीवही स्वस्त होतो. चेनसॉची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर यंत्र उसळून तोंडाकडे येतं. आवाज शंभर डेसिबलच्या वर. मी बघितलेल्या चौघांपैकी एकाकडेही हेल्मेट नव्हतं. कमरेला दोर होता, पायात काही नाही. अनवाणी पायाला साल नीट कळते म्हणतात, ते खरंही असेल, पण साखळीला पाय कळत नाही. आपल्या आसपासच्या कारखान्यांत उंचीवर काम करायचं तर परमिट लागतं, बेल्ट लागतो. त्याच कंपाउंडच्या भिंतीलगतच्या झाडावर चढणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

विजेच्या तारेचं तर बोलायलाच नको. ओली फांदी वीज वाहून नेते. ११ केव्हीच्या लाइनला फांदी टेकली तर तारेला हात लागायचीही गरज नाही. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं लाइनलगतच्या फांद्या काढतात तेव्हा शटडाऊन घेतात, आणि लाइन बंद झाल्यावरही तिला अर्थिंग करतात. कारण एखाद्या कारखान्याचा जनरेटर चुकीच्या जोडणीतून उलटा करंट पाठवू शकतो. खाजगी टोळीला हे सांगणारं कोणी नसतं. "वायरमनला सांगितलंय" एवढ्यावर माणूस वर जातो.

कायदा काय म्हणतो

शहरी भागात 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू आहे. यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं किंवा कुठल्याही तऱ्हेने इजा करणंही त्यात येतं. परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज ट्री म्हणून वेगळं संरक्षण मिळालं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची अट आली. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात शेकडो वर्षांचा मानला जाणारा वड जाणार होता. लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. म्हणजे कुऱ्हाड कधी कधी ड्रॉइंग बोर्डवरच थांबवता येते, आणि तिथे उद्या आपणच बसणार आहोत.

झाडं पडतात आणि माणसं मरतात हेही खरं आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा मृत्यू झाला. त्यामुळे धोक्याचं झाड काढलंच पाहिजे. पण अनेकदा झाड धोक्याचं होतं ते आपल्यामुळे. मुळं तोडून केबल टाकायची, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचं, मग झाड कललं की ओरडायचं! २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या पार्किंगमधल्या झाडांकडे एकदा बघा.

आपण काय करू शकतो?

हॉस्टेलच्या विद्यार्थ्यांना आणि स्टाफला माझ्या चार साध्या विनंत्या आहेत. एक, छाटणीचा ठराव मजुरीवर करा, लाकडावर नको. पैसे थोडे जास्त जातील, पण झाड पन्नास वर्षं उभं राहील. दोन, 'अर्धं करा' असं सांगू नका. कोणती फांदी, कुठपर्यंत, हे झाडाखाली उभं राहून ठरवा आणि परवानगीचा कागद आधी हातात घ्या. तीन, आपल्या वर्कशॉपमध्ये हेल्मेट, गॉगल आणि सेफ्टी बेल्ट आहेत. चार दिवस त्यांना वापरायला दिले तर काही बिघडणार नाही.

चौथी विनंती सगळ्यात सोपी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या कोणालाही वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. बँकेत खातं असलं की झालं. कॅन्टीनमधल्या दोन चहांच्या पैशात होणारी ही गोष्ट त्या चौघांपैकी तिघांना माहीत नव्हती. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, आणि फॉर्म भरण्यात आपल्याइतका अनुभव कोणाला असणार!

एक झाड उतरवायला दोन दिवस लागतात आणि वाढायला दोन पिढ्या. मधल्या काळात त्याच्यावर चढणारा माणूस शहाणा असावा, त्याला त्याच्या शहाणपणाचे पैसे मिळावेत आणि संध्याकाळी तो धडधाकट घरी जावा, इतकंच. यंदाच्या मे महिन्यात तो 'घर्रर्र' आवाज आला, तर उशी कानावर ओढण्याआधी एकदा खाली जाऊन बघा. आणि हो, लांब उभं राहूनच!